सफरमैनेचा हट्ट

ये गं नेहा, अशी जवळ बस. निम्मी अमेरिका ओलांडून प्लेनोहून नेपरव्हिलला यायचं म्हणजे विमान, सुट्टी, शंभर भानगडी, हे ठाऊक आहे मला. पण मी लिहायला बसले की तू माझ्यासमोर मांडी घालून बसलेली असतेस आणि तुझा कान माझ्या हातात असतो. फार जोरात धरत नाही, भिऊ नकोस. आज मात्र जरा पिळणार आहे. एवढी शिकलीस, कंपनीतल्या मोठमोठ्या लोकांना इंग्रजी लिहून देतेस, आणि स्वतःच्या आजोबांबद्दल चाळीस शब्द लिहायची वेळ आली तर ते असे लिहिलेस? वर मलाच सांगतेस, "मावशी, पाच मिनिटांत झालं." तेवढं तरी सांगायला नको होतंस.

आमच्याकडे पानगळ सुरू झाली आहे. सकाळी दार उघडलं की पायरीवर लाल-पिवळा सडा. शेजारचे काका मशीन लावून पानं उडवतात, वारा ती परत आमच्या अंगणात आणून टाकतो, असं दोघांचं महिनाभर चालतं. आणि याच दिवसांत देशी दुकानात ओल्या शेंगा येतात. इथे सगळ्या भाज्या कशा आंघोळ करून, केस विंचरून आल्यासारख्या मांडलेल्या असतात. शेंगा तेवढ्या अंगाला माती लावून येतात. मी पिशवी हातात घेतली की आधी नाकाला लावते. आपली रेवा लाजते. "आजी, people are looking," म्हणते. बघू देत. ती माती टेक्ससची असेल नाहीतर जॉर्जियाची, पण शेंगेला लागली की वास एकच येतो. त्या वासानं मी थेट साताऱ्याकडच्या आमच्या वावरात जाऊन उभी राहते, फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घेऊन, दहा वर्षांची.

यंदा शेंगा उकडायला ठेवल्या होत्या आणि रेवानं ते कार्ड वाचून दाखवलं. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या इथल्या लायब्ररीत नोव्हेंबर महिनाभर सैनिकांचे फोटो लावतात. गावातल्या घराघरातले सैनिक, कुणाचे पणजोबा, कुणाची लेक. रेवानं विचारलं, दुसऱ्या देशाच्या फौजेतले चालतील का. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, घरचे असले म्हणजे झालं. मग अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तो एकच फोटो काढला. खाकी हाफ पँट, पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, चेहऱ्यावर हसू नाही. खाली कार्ड लावायचं, चाळीस शब्दांचं. माझं इंग्रजी दुकानापुरतं, रेवाचं शाळेपुरतं, म्हणून काम तुझ्याकडे आलं.

रेवानं इंग्रजी वाचलं आणि मग मला तोडक्या मराठीत सांगितलं. अत्यंत कुशल आणि प्रोफेशनल अशा ब्रिटिश सैनिकांच्या हाताखाली यांनी शौर्यानं आणि निष्ठेनं सेवा केली.

मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. मी गॅस बंद केला.

कुशल ते. शूर आम्ही. प्रोफेशनल ते, निष्ठावान आम्ही. अगं, निष्ठावान तर कुत्रंही असतं.

लगेच फोन लावला तर समीररावांनी उचलला. जावई चांगला आहे तुझ्या आईचा, प्रेमळ आहे, पण हल्ली रोज युद्धाची एक डॉक्युमेंटरी बघतो आणि निम्मी मला सांगतो. म्हणाला, "मावशी, तुम्ही पर्सनली घेऊ नका. ब्रिटिश आर्मी म्हणजे वेगळीच लेव्हल होती यार. ड्रिल, ट्रेनिंग, डिसिप्लिन. आपले लोक शूर होते, त्यात वादच नाही, पण..."

"पण काय?"

"पण म्हणजे... सिस्टीम त्यांची होती ना."

"आणि हात कुणाचे होते?"

तो हसला. "तुमच्याशी आर्ग्युमेंट करायचं म्हणजे..." आणि फोन तुझ्याकडे दिला. तू म्हणालीस, "मावशी, ब्रेव्ह हा चांगला शब्द आहे गं. इकडे सगळ्यांच्याच कार्डावर असतो." मी म्हटलं, असेल. पण त्यांच्या कार्डावर शेजाऱ्याला कुशल म्हणून मग त्यांना ब्रेव्ह म्हटलंय का? त्यावर तू म्हणालीस, पास्ता उतू जातोय. तेव्हा मी ठेवला फोन, पण माझा राग काही उतरला नाही.

शौर्य हा फार सोयीचा शब्द आहे, नेहा. तो देऊन टाकायला काहीच लागत नाही. एखाद्याला शूर म्हटलं की त्यानं काय केलं, कसं केलं, कुठे शिकला, किती वर्षं हात बसवला, हे विचारायची गरजच उरत नाही. शूर माणूस जन्मतःच शूर असतो म्हणे, रानातल्या वाघासारखा. कुशल माणसाला मात्र डोकं असावं लागतं. ते डोकं आमच्या माणसांच्या धडावर होतं हे मान्य करायचं नसलं की शौर्याचा हार घालायचा आणि फोटो काढायचा. साहेबांनी ते केलं याचा मला राग नाही इतका. साहेब गेला. आपणच आता तो हार गुंफत बसलोय, इथे अमेरिकेत, कॉफी पीत, याचा येतो.

अण्णांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे सफरमैना म्हणत. मी लहान असताना मला वाटायचं, सफर करणारी मैना. परदेशी जाऊन आलेला पक्षी. शाळेत एकीला मी सांगितलंही होतं की माझे वडील फौजेत मैना पाळायचे, चिठ्ठ्या पोचवायला. तिनं घरी सांगितलं, आणि आठवडाभर गाव मला "मैनेची पोर" म्हणत होतं. पुढे कळलं की इंग्रजीतल्या सॅपर्स अँड मायनर्सचं आपल्या लोकांनी केलेलं ते सफरमैना. म्हणजे फौजेतले रस्ते-पूल बांधणारे आणि जमिनीत पुरलेले सुरुंग काढणारे लोक. अण्णा दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुरुंग काढत होते. हे कळल्यावरही मैना काही माझ्या मनातून उडाली नाही. काय हरकत आहे? तीही मातीला चोचीचं टोक लावून लावूनच अन्न शोधते.

आता सरवा म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, तू प्लेनोत शेंगा सोललेल्याच बघितल्यास. भुईमुगाचे वेल उपटले की बऱ्याच शेंगा वेलाबरोबर येतात, पण काही तुटून मातीतच राहतात. काढणी झाल्यावर त्या राहिलेल्या शेंगा हुडकून वेचायच्या, तो सरवा. बायका-पोरं खुरपी घेऊन वावरभर पसरायची, जो जिथे बसेल तिथे उकरायचा. गप्पा, गाणी, भांडणं. आमच्या वावरात मात्र तसं चालत नसे. अण्णा आधी खुंट्या ठोकायचे आणि वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या ताणायचे. दोन सुतळ्यांमध्ये एक माणूस गुडघ्यावर मावेल एवढीच वाट. प्रत्येकाला एक वाट नेमून दिलेली. सुतळी ओलांडायची नाही. खुरपं उभं खुपसायचं नाही, तिरकं घालायचं. काही लागलं तर दाबायचं नाही, थांबायचं, बाजूची माती बोटांनी दूर करायची आणि शेंग खालून उचलायची. झालेल्या भागावर चुन्याची चिमूट. रस्त्यानं जाणारी माणसं बांधावर उभी राहून हसायची. "सफरमैना आज काय काढतोय रं, शेंगा का सुरुंग?" अण्णा मान वर करत नसत. पण आमच्या वावरात सरवा झाला की मागून कावळेही उतरत नसत, त्यांनाही कळायचं की इथे काही उरलेलं नसतं.

आणि एक नियम होता, तो मला आजही हातात जाणवतो. घाई आली की उठायचं. कुणी ओरडलं, पाय दुखला, दुसऱ्याची वाट आपल्यापुढे गेली आणि मनात चुटपुट लागली, की लगेच हात काढून घ्यायचा, उभं राहायचं, पाणी प्यायचं, मग परत बसायचं. याबद्दल आम्हाला कधी रागावले नाहीत. घाईत हात चालवला तर मात्र खुरपं काढून घेत, दिवसभर परत देत नसत.

मला आठवतो तो हंगाम जरा वेगळा होता. दसरा होऊन गेला होता आणि परतीच्या पावसाचे ढग डोंगरावर येऊन बसले होते. ओल्या मातीत शेंगा राहिल्या तर कोंब फुटतात, त्यामुळे सगळं गाव धावत होतं. नुसता धुरळा, बैलांना हाका, वेलांचे ढीग. आमच्या वावरात सुतळ्या. आप्पा, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, दोनदा येऊन बोलून गेले. तिसऱ्यांदा आले ते बांधावरूनच.

"दादा, पाऊस तुझ्या सुतळीसाठी थांबणार हाय का?"

"न्हाई थांबायचा."

"मग उचल की हात."

"हात उचलला की चुकतो. तू जा, बैलं बघ."

आप्पांनी डोक्यावरचं मुंडासं काढून बांधावर आपटलं आणि निघून गेले. संध्याकाळी ढग तसेच पुढे सरकले, पाऊस पडलाच नाही. आप्पा परत आले, भाकरी घेऊन. आम्ही सगळे बांधावर बसून खात होतो, हात मातीचे, उजेड अजून होता. आप्पांचा राग निम्मा उतरला होता. त्यांनी विचारलं, "असला हट्ट फौजेत कसा खपवून घेत व्हते रं तुझा?"

अण्णा म्हणाले, "खपवून कुठं घेतला? लिहून ठेवलाय त्यांनी."

मग त्यांनी ते सांगितलं. आयुष्यात तेवढं एकदाच. एक नदी होती, पलीकडे जायचं होतं, मागे गाड्यांची मैलभर रांग. अण्णांची टोळी पुढे पोटावर, संगिनीचं टोक तिरकं घालत घालत, दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत. एक नवा गोरा साहेब होता, मिशीसुद्धा नीट आलेली नव्हती. मागून वरचे त्याच्यावर ओरडत होते, तो यांच्यावर ओरडत होता, जल्दी करो, जल्दी करो. अण्णांच्या टोकाला सुरुंग लागला. उचलायचा तर रोजचंच काम. पण बाजूची माती हाताला सैल लागली, एकदा खणून परत भरलेली. अण्णांनी हात काढून घेतला आणि उठून बसले. साहेब म्हणाला उचल. अण्णा म्हणाले, नहीं साहब. साहेबानं पिस्तुलाच्या पट्ट्याला हात लावला म्हणे.

"मग?" आप्पांचा घास हातातच.

"शेजारच्या वाटेत एक गोरा सार्जंट व्हता. पिकला माणूस. लढाईच्या आधी गवंडी व्हता त्याच्या गावात. तो सरपटत आला, मातीला बोट लावलं, माझ्याकडं बघितलं, आन् माझ्याशेजारी बसला. त्यानंबी उचलला न्हाई."

दोघं बसून राहिले. साहेब काय करणार? मग दोघांनी मिळून कडेकडेनं माती काढली. सुरुंगाच्या पोटाखाली दुसरा सुरुंग होता, पहिल्याला तारेनं बांधलेला. वरचा उचलला की खालचा उडणार. अख्खी दुपार लागली तो सोडवायला. मग गाड्या गेल्या, सगळ्या, एकामागून एक.

"आन् मग काय झालं?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "काय न्हाई झालं."

नेहा, मी त्या दिवशी दहा वर्षांची होते, मला वाटलं गोष्ट फसली. कुणी मेलं नाही, पदक नाही, साहेबानं मिठी मारली नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळतं की गोष्ट तीच होती. काय न्हाई झालं. चांगल्या हाताच्या कामानंतर काहीच होत नाही. शौर्याच्या मागे रक्त राहतं, तसबीर राहते, पोवाडा राहतो. कसबाच्या मागे एक धड रस्ता राहतो आणि त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही.

समीरला सांग, मी ब्रिटिश सैनिकाला नावं ठेवत नाही. अण्णांनीही कधी ठेवली नाहीत. आमच्याकडे दर दुसऱ्या घरातल्या कुत्र्याचं नाव टॉमी होतं; गोऱ्या शिपायाला टॉमी म्हणत त्यावरूनच ते आलं, असं लोक सांगत. आम्ही पिल्लू आणलं तेव्हा मीही टॉमी म्हणाले, तर अण्णा म्हणाले, "ते नाव नको. टॉमी माझ्याबरोबर चहा प्यायलाय." त्यांचं मत विचारशील तर सरळ होतं. काही गोरे कामात पक्के होते, त्यांच्याकडून शिकावं असे. काही काल-परवापर्यंत पाव भाजणारी, कारकुनी करणारी पोरं, बूट नवीन, डोळ्यांत भीती, त्यांना यांनीच शिकवलं, माती कशी वाचायची ते. आमच्यातही दोन्ही जातीचे होते. तो गवंडी सार्जंट आणि आमचे अण्णा एका बाजूचे होते, आणि त्या दिवशी घाई करणारा साहेब एकटा दुसऱ्या बाजूचा. हे ज्याला दिसत नाही तो म्हणतो, ब्रिटिश प्रोफेशनल आणि आपले शूर.

आणि समीरला हेही विचार. मागच्या दिवाळीला आला होता तेव्हा जेवताना तासभर सांगत होता ना, त्याच्या कंपनीत रिलीज होता, वरचे लोक ओरडत होते, आणि त्यानं टेस्टिंग पुरं झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून थांबवून धरला. सगळ्यांसमोर सत्कार झाला त्याचा. मी दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. समीरनं थांबवलं की तो प्रोफेशनल. माझ्या वडिलांनी पोटाखाली सुरुंग असताना थांबवलं, ते काय?

ते काय, हे मला परवा कळलं. रेवाला म्हटलं, तुझ्या आत्यानं हे कार्ड कशावरून लिहिलं ते दाखव. तर तुझ्या आईच्या ट्रंकेत सापडलेला अण्णांचा फौजेतून सुटल्याचा कागद, त्याचा तू पाठवलेला फोटो. शाई फिकी झालेली. रेवानं बोटांनी मोठा करून करून वाचला. साहेबानं शेरा लिहिलाय. प्रामाणिक. कष्टाळू. आणि पुढे, कधीकधी हट्टी.

कार्डावर प्रामाणिकचं तू निष्ठावान केलंस, कष्टाळूचं शूर केलंस. हट्टी कुठे गेला?

परत फोन करून तेच विचारलं. तू म्हणालीस, "मावशी, ते निगेटिव्ह वाटलं गं. शंभर लोक वाचणार. आजोबांबद्दल वाईट कशाला लिहायचं?" तुझा आवाज एवढासा झाला होता. माझा राग तिथेच निम्मा झाला, खरं सांगते. तू त्यांना पाहिलंच नाहीस. तू आपली नातीच्या मायेनं डाग पुसायला गेलीस.

पण पोरी, त्या सगळ्या कागदात तो एकच शब्द खरा होता. प्रामाणिक, कष्टाळू हे साहेब कुणालाही लिहितो, घोड्यालाही लिहील. हट्टी मात्र त्याला रागानं लिहावं लागलं, कारण समोर एक माणूस बसून राहिला होता. त्या साहेबाकडे कसबासाठी शब्द नव्हता, म्हणून त्यानं तक्रार लिहिली. आणि त्या तक्रारीतच आमचे अण्णा सापडतात, बाकी कुठेच नाही. तेवढं पुसलंस तर राहतं काय? खाकी पँट आणि पायाच्या पट्ट्या.

काल मी आणि रेवा लायब्ररीत गेलो. फोटो लागलाय, खिडकीशेजारी, चांगल्या जागी. बाजूला एका बाईचा आहे, विमान चालवणाऱ्या. मी त्या लायब्ररीतल्या बाईंना म्हटलं, कार्ड चुकीचं आहे, काढा. रेवानं नीट समजावलं. बाईंनी विचारलं, काय चुकलंय? मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "नॉट ब्रेव्ह. गुड वर्क." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, नवीन आणा, महिना आहे अजून.

आता अण्णांच्या फोटोखाली चार खिळ्यांची भोकं आहेत आणि मधे कोरी भिंत. मी बाकावर बसून बघत होते. एक आजोबा आले, वाकून बघितलं, खाली काही लिहिलेलं नाही म्हणून पुढे गेले. मला वाईट वाटलं, पण मागच्या कार्डापेक्षा कमी.

रेवा म्हणते हट्टीला इंग्रजीत दोन-तीन शब्द आहेत, एक साहेबानं लिहिलेला आणि एक रोजच्या बोलण्यातला. कुठला घ्यायचा ते मला ठरवता येत नाही. नदीचं, सार्जंटाचं आणि मागच्या गाड्यांचं चाळीस शब्दांत कसं बसवायचं तेही येत नाही. फोनवर होणार नाही हे, पास्ता उतू जातो. मी सांगेन, तू लिही, मी नको म्हणेन, तू परत लिही. दोन दिवस लागले तर लागू देत. समीरलाही आण, त्या सत्काराच्या दोन पुरणपोळ्या त्याच्याकडून परत घ्यायच्या आहेत. गेस्टरूमचं हीटर मुलानं नीट करून घेतलंय. थँक्सगिव्हिंगची वाट बघू नकोस गं, या शनिवारचं तिकीट बघ.